छातीत दुखतंय, ईसीजी 'नॉर्मल' आला. आता पुढे?

मालदांडी
सोमवार, सकाळी ७.४०

सोलापुरात छातीत दुखायला लागलं की क्रम ठरलेला. आधी ओवा, मग सोडा, मग गल्लीतला दवाखाना. तिथं एक ईसीजी निघतो, "नॉर्मल आहे हो, गॅस असेल" असं सांगितलं जातं आणि माणूस घरी येतो. हा धागा त्या एका वाक्यासाठी काढलाय.

ईसीजीची पट्टी म्हणजे साधारण दहा सेकंदांची नोंद. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी एकदा बंद झाली की बंदच राहते, असं नसतं. भिंतीतल्या चरबीच्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, त्यावर गुठळी बसते, थोडी सुटते, पुन्हा बसते. तासन्तास हा खेळ चालू शकतो. वाहिनी जरा मोकळी असताना पट्टी काढली तर ती साफ येऊ शकते. शिवाय हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या बारा लीडमध्ये (पट्टीत हृदयाकडे बघायच्या बारा बाजू) सरळ दिसत नाही. छातीवरच्या व्ही१ ते व्ही३ या लीडमध्ये एसटी (ठोक्याच्या रेघेचा एक भाग) खाली गेलेला दिसला तर पाठीवर व्ही७, व्ही८, व्ही९ लावून बघावं लागतं. म्हणून दुखणं चालू असेल आणि पट्टी साफ असेल, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी नवी पट्टी काढायची. सोबत ट्रोपोनिन ही रक्ताची चाचणी, आणि तीही एकदाच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या क्रिएट नोंदणीत आपल्या देशातले २०,४६८ रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यांक ३६० मिनिटं. पोचल्यानंतर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला ५० मिनिटं. सहा तास दाराबाहेर गेले आणि आपली भांडणं मात्र दाराच्या आतल्या पन्नास मिनिटांवरून.

ईसीजी काढणारे, लॅबवाले, तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे, सगळ्यांनी आपापल्या हातातलं लिहा. "आमच्या मामांना झालं तेव्हा" वाले किस्से कृपया दुसरीकडे.


लाल_पिवळा_हिरवा_काळा
सोमवार, सकाळी ९.०५

पट्टी वाचायच्या गप्पा नंतर. आधी ती नीट निघते का ते बघू. निम्मा घोळ तिथंच आहे.

हातापायांच्या क्लिप : लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. लाल-पिवळ्याची अदलाबदल झाली की लीड वन उलटं होतं आणि एव्हीआर सरळ उभं राहतं. लाल आणि काळी बदलली की लीड टू जवळजवळ सपाट रेघ. अशी पट्टी दिसली तर निदानाच्या आधी क्लिपा बघा.

छातीवरचे बल्ब : सगळ्यात जास्त चूक व्ही१ आणि व्ही२ ची. लोक ते अंदाजे लावतात आणि बरगड्यांमधल्या एक-दोन फटी वर लावतात. पद्धत अशी. गळ्याच्या खाचेतून बोट खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी येते ती दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत या. हाडाच्या उजव्या काठाला व्ही१, डाव्या काठाला व्ही२. मग व्ही४ आधी लावायचा : पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यापासून सरळ खाली. व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध व्ही३. व्ही५ आणि व्ही६ हे व्ही४ च्याच आडव्या रेषेत न्यायचे. व्ही५ काखेच्या पुढच्या घडीखाली, व्ही६ काखेच्या मध्याखाली. बायकांमध्ये व्ही४ स्तनाच्या वर नाही, स्तन उचलून खाली. संकोचापायी वर लावलेल्या इलेक्ट्रोडमुळे पुढच्या भिंतीला जुना झटका येऊन गेल्यासारखी पट्टी निघू शकते.

जेल : एका बोटानं व्ही१ पासून व्ही६ पर्यंत सलग पट्टा ओढणारे पाहिले असतीलच. जेल एकमेकांना भिडलं की शेजारचे बल्ब एकाच बिंदूसारखे वागतात आणि व्ही१, व्ही२, व्ही३ जुळ्या भावंडांसारखे दिसायला लागतात. प्रत्येक ठिकाणी रुपयाएवढा वेगळा ठिपका पुरे. एप्रिल-मेमध्ये आधी घाम कोरड्या कापडानं पुसा, नाहीतर बल्ब सरकतो आणि रेघ लाटांसारखी वरखाली जाते. छातीवर दाट केस असतील तर तेवढी जागा भादरा.

रेघ जाड, करवतीसारखी येत असेल तर ती ५० हर्ट्झची घरघर. मशीन बॅटरीवर घ्या, कूलर आणि मोबाइल चार्जर लांब करा. ते न करता फिल्टरचं बटण दाबायची सवय वाईट. खालच्या बाजूचा फिल्टर ०.५ हर्ट्झवर गेला तर एसटीचा भागच बिघडू शकतो, म्हणजे जे बघायला पट्टी काढली तेच. निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ.

वेग २५ मिमी प्रति सेकंद, आणि सुरुवातीला १० मिमी उंचीची चौकोनी खूण आहे का बघा. ती ५ मिमीची असेल तर सगळं निम्म्या उंचीचं दिसतंय.


शेंगाचटणी
सोमवार, सकाळी ९.३०

काय लगा, एवढं असतं होय त्या पट्टीत! एक शंका. मनगटावरच्या घड्याळात ईसीजी येतो. तो बघून चालतं का?


लाल_पिवळा_हिरवा_काळा
सोमवार, सकाळी ९.३८

नाही. ते एकच लीड. ठोके अनियमित आहेत का, एवढ्यासाठी ठीक. झटका ओळखायला ते बनवलेलं नाही आणि बनवणारेही तसंच लिहितात.


नव्व्याण्णवावा
सोमवार, दुपारी १.१५

लॅबच्या बाजूनं ट्रोपोनिन.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी मरायला लागल्या की रक्तात येतं. मरायला लागल्या की, आधी नाही. म्हणून दुखायला लागून एक तास झालाय आणि ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं, तर त्याचा अर्थ जवळपास शून्य. साध्या कार्ड किटवर रेघ उमटायला चार ते सहा तास लागू शकतात. हाय-सेन्सिटिव्ह चाचणीत तेच काम ० आणि १, किंवा ० आणि ३ तासांच्या दोन नमुन्यांवर होतं. पण दुखणं सुरू होऊन तीन तासही झाले नसतील तर तिथंही पहिल्या कमी आकड्यावर घरी पाठवायचं नसतं.

हे समजून घ्या : झटक्याच्या २०१८ च्या चौथ्या जागतिक व्याख्येनुसार नुसता वाढलेला आकडा म्हणजे झटका नव्हे. तो ९९ व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या नव्व्याण्णव निरोगी लोकांचा आकडा जिच्या आत असतो ती मर्यादा) वर हवा, चढता किंवा उतरता हवा, आणि सोबत रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा हवा : लक्षणं, ईसीजीतला बदल, इकोमधली न हलणारी भिंत, असं काहीतरी. डायलिसिसवरच्या रुग्णाचं ट्रोपोनिन बहुतेक वेळा कायम वर असतं, पण ते तीन तासांत फारसं हलत नाही.

जिथं घोटाळे होतात त्या जागा :

एकक. एका लॅबचा रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, दुसऱ्याचा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.०४ आणि ४० हा एकच आकडा आहे. बार्शीतला पहिला रिपोर्ट ०.०४ आणि सोलापुरातला दुसरा ४२ बघून "हजारपट वाढलं" म्हणून धावपळ होऊ शकते. उलट चूकही होते, ती जास्त महाग. शिवाय ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय यांचे आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर.

बायकांची मर्यादा वेगळी. एका प्रचलित हाय-सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन आय चाचणीत ती बायकांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. रिपोर्टवर एकच मर्यादा छापलेली असेल तर बाईचा २५ नॉर्मल म्हणून सुटून जातो.

केस गळतीच्या गोळ्या. हे हसण्यावारी नेऊ नका. त्यात बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. काही चाचण्या बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालतात, त्यात जास्तीच्या बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. सगळ्या मशीनवर हे होत नाही. पण रक्त घेताना "केसांची गोळी चालू आहे का?" हा प्रश्न फुकट आहे.


हातमाग
सोमवार, दुपारी ४.५०

नव्व्याण्णवावा यांनी बायकांचा मुद्दा काढलाच आहे, तर आपल्या शहराचं बोलू.

२००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देश होते. तंबाखू, चरबीचं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, व्यायाम, मद्य : या नऊ गोष्टींनी पहिल्या झटक्याचा पुरुषांतला ९०% आणि बायकांतला ९४% धोका समजावता येतो, असा निष्कर्ष. त्याच अभ्यासाचा तंबाखूवरचा भाग २००६ मध्ये आला आणि तो सोलापूरकरांनी भिंतीवर लावावा असा आहे. नुसती विडी ओढणाऱ्यांत धोका सुमारे २.९ पट, म्हणजे सिगारेटच्या बरोबरीनं. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत २.२ पट. ओढणं आणि चघळणं दोन्ही असेल तर ४ पट. "विडी हलकी असते" आणि "धूर नाही तर हृदयाला काही नाही" या दोन्ही समजुती एका कागदावर निकालात निघाल्या.

आता प्रत्यक्ष इतिहास घेताना काय चुकतं? बाईला विचारलं, "तंबाखू खाता का?" उत्तर येतं, "नाही." खरंच येतं, आणि तिच्या लेखी ते खोटं नसतं. "मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? किती वेळ तोंडात धरता?" असं विचारा, मग सकाळ, दुपार आणि झोपण्याआधी असा हिशेब निघतो. शहराच्या पूर्व भागात हाच प्रश्न तेलुगूतून विचारणारं कुणी सोबत असेल तर आणखी बरं.

दुसरं, विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन तासन्तास वाकून बसते. तिची मान, खांदा, पाठ दुखणारच. त्यामुळे खांद्यात किंवा दोन फऱ्यांच्या मध्ये सुरू झालेली कळ "बसून बसून झालं" म्हणून सोडून दिली जाते. फरक कसा करायचा? कामाची पाठदुखी जुनी असते, मान वळवली की वाढते, चोळलं की जरा बरी वाटते. नवीन कळ, सोबत घाम, मळमळ, दम, जबड्यात ओढ, जिना चढताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी, ही वेगळी. साखरवाल्या बाईत तर कळ नसतेच कधी कधी, नुसता दम आणि थकवा. आणि दाबल्यावर दुखतंय म्हणून हृदयाचं नाही, हा नियम पक्का नाही. अशा बाईचा ईसीजी काढायला चाळिशी ओलांडलेली असणं एवढं कारण पुरेसं धरा.


गुलमोहर४३
सोमवार, रात्री ९.१०

घरात सॉर्बिट्रेट ठेवायचं ना? व्हॉट्सॅपवर सात रुपयांच्या किटचा मेसेज फिरतोय, त्यात अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि सॉर्बिट्रेट. छातीत दुखलं की तिन्ही घ्या म्हणे.


मालदांडी
सोमवार, रात्री ९.४५

अ‍ॅस्पिरिनला पुरावा भक्कम आहे. १९८८ च्या आयसिस-२ मध्ये १७,१८७ रुग्ण. पाच आठवड्यांतले हृदयवाहिनी-मृत्यू अ‍ॅस्पिरिननं २३% कमी, स्ट्रेप्टोकायनेजनं (गुठळी विरघळवणारं औषध) २५% कमी, दोन्ही मिळून ४२%. ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून. आवरणाची गोळी तशीच गिळली तर उशिरा लागू पडते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्ताची उलटी, काळी शी होत असेल तर नाही.

सॉर्बिट्रेटची गोष्ट वेगळी. ती गोळी दुखणं कमी करते, गुठळीला काही करत नाही. खालच्या भिंतीच्या झटक्यात उजवा कप्पा सापडलेला असेल तर हृदय भरायला शिरांतून येणाऱ्या रक्तावर अवलंबून असतं. सॉर्बिट्रेट नेमकं तेच रक्त अडवून धरतं, बीपी धाडकन खाली येतं. म्हणून खालच्या भिंतीचा झटका दिसला की उजव्या बाजूला व्ही४आर लावून बघतात. आधीच्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तरही तोच धोका, टाडालाफिल असेल तर ४८ तास. हे कुणी आपणहून सांगत नाही, बायकोसमोर तर नाहीच. बाजूला नेऊन विचारावं लागतं. बीपीचा वरचा आकडा (सिस्टोलिक) ९० च्या खाली असेल तर द्यायचं नाही. उभ्या माणसाला देऊ नका, बसवून द्या. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यांनी ठेवावं. मेसेज वाचून नको.

आणि पाठीत फाडल्यासारखी, एका क्षणात टोकाला गेलेली कळ आणि दोन हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक असेल, तर महाधमनी चिरलेली असू शकते. तिथं अ‍ॅस्पिरिनही थांबवा.


सात_रस्ता
मंगळवार, सकाळी ६.५५

खरा वाद इथं आहे : सुई (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) की कॅथलॅब (जिथं बंद वाहिनी तार घालून उघडतात, म्हणजे प्लास्टी)? लांबलचक लिहितोय, हा भाग तालुक्यांसाठी.

एसटी वर गेलेला झटका असेल तर नियम असा : निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत वाहिनीतून तार पार होणार असेल तर थेट प्लास्टी. नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, निदान झाल्यापासून दहा मिनिटांत सुरू करायचा प्रयत्न, आणि त्रास सुरू होऊन १२ तास झालेले नसावेत. १२० मिनिटं ही गेटपर्यंतची नाहीत, तार पार होईपर्यंतची आहेत. त्यात गाडी यायची, नातेवाइकांचं ठरायचं, रस्ता, रात्री कॅथलॅबची टीम घरून यायची, सही, मनगटातली किंवा मांडीतली सुई, सगळं आलं. अक्कलकोट सुमारे ४० किमी, जमू शकतं. पंढरपूर आणि बार्शी सत्तरच्या आसपास. दिवसा कदाचित, आषाढीच्या गर्दीत विसरा. करमाळा सव्वाशेच्या पुढे. तिथं फोनवर चर्चा करत बसू नका, सुई द्या आणि गाडीत घाला. "थेट पुण्यालाच नेतो" हा तर सरळ तोटा. अडीचशे किलोमीटर, बंद वाहिनी तशीच.

घाई कशाची? बोअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब : पहिल्या तासात सुई मिळाली तर दर हजारी ६५ जीव जास्त वाचतात, दुसऱ्या तासात ३७, तिसऱ्या तासात २६. पहिल्या तासातून दुसऱ्यात जाताना फायदा जवळजवळ निम्मा होतो.

टेनेक्टेप्लेज (सुईतलं एक औषध) वजनावर : ६० किलोच्या खाली ३० मिग्रॅ, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि पुढे ५०. वय ७५ किंवा जास्त असेल तर निम्मा डोस. वजन नातेवाइकांना विचारून टाकू नका, लोक तोंडाला येईल ते सांगतात. काटा नसेल तर खाटेवरच्या माणसाकडे बघून दोघांनी वेगवेगळा अंदाज करा आणि शंका असेल तर खालचा गट धरा. औषध निर्जंतुक पाण्यातच कालवायचं, भांडं गोल फिरवायचं, हलवायचं नाही, फेस होतो. शिरेत आधी डेक्स्ट्रोज चालू असेल तर तिथं औषधाचा साका बसतो. आधी सलाइननं नळी धुवा, ५ सेकंदांत सुई द्या, पुन्हा सलाइननं धुवा.

स्ट्रेप्टोकायनेज अजूनही चालतं, स्वस्त आहे. १५ लाख युनिट, सलाइनमध्ये, ३० ते ६० मिनिटांत. बीपी पडलं तर वेग कमी करा, पाय उंच करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं सावरतं. एकदा दिलेल्याला पुन्हा द्यायचं नाही, अंगात प्रतिद्रव्यं तयार झालेली असतात.

सोबत अ‍ॅस्पिरिन, आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी बसू न देणारी गोळी) ३०० मिग्रॅ. ७५ वर्षांच्या वर फक्त ७५ मिग्रॅ. प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर सुईसोबत सुरू करायचं नाही.

कधीच द्यायचं नाही : मेंदूत पूर्वी केव्हाही रक्तस्राव झाला असेल, गेल्या काही महिन्यांत पक्षाघात किंवा डोक्याला जबर मार, चालू रक्तस्राव, महाधमनी चिरल्याची शंका. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी उतरवा. सगळं पाळूनही दर शंभरांत साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो. हे घरच्यांना आधी सांगायचं, नंतर नाही.

आणि एक कळकळीची विनंती. छातीत दुखणाऱ्याला पाठवण्याआधी कमरेत डायक्लोचं इंजेक्शन ठोकू नका. एक तर ते वेदनाशामक झटक्यात अपायकारक. दुसरं, पुढे गुठळीचं औषध दिलं की त्याच जागी स्नायूत रक्त साचून पपईएवढी गाठ होते.


पक्का_पुरावा
मंगळवार, सकाळी ८.२०

सुई हा जुना जमाना झाला, असं माझं मत. २००३ च्या डॅनामी-२ मध्ये लांबच्या रुग्णालयातून हलवून प्लास्टी केलेले रुग्ण सुईवाल्यांपेक्षा चांगले राहिले होते. मग करमाळ्याच्या माणसाला दुय्यम उपचार का?


सात_रस्ता
मंगळवार, सकाळी ८.५०

डॅनामी-२ डेन्मार्कमधला. तिथं हलवलेल्यांपैकी ९६% लोक दोन तासांच्या आत पोचले होते. तो आकडा करमाळा-टेंभुर्णी रस्त्यावर आणून दाखवा, मी माझी पोस्ट काढून टाकतो.

दुसरं, "सुई देऊन गप्प बसणं" आणि "सुई देऊन लगेच हलवणं" यात फरक आहे. २०१३ च्या स्ट्रीम अभ्यासात १,८९२ रुग्ण होते, तीन तासांच्या आत आलेले पण तासाभरात प्लास्टी न जमणारे. सुई देऊन नंतर अँजिओ केलेल्यांत ३० दिवसांतल्या वाईट घटना १२.४%, थेट प्लास्टीवाल्यांत १४.३%; म्हणजे तोडीस तोड. मेंदूतला रक्तस्राव सुईवाल्यांत जास्त झाला आणि मध्येच ७५ च्या वरच्यांचा डोस निम्मा करावा लागला. वर लिहिलेला निम्मा डोस तिथूनच आलाय. सुईवाल्यांतल्या ३६% लोकांना तातडीची अँजिओ लागलीच. म्हणून सुई दिली की गाडी थांबवायची नाही. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा पट्टी. एसटी निम्म्यानं उतरला नसेल तर पोचताच कॅथलॅब. उतरला असेल तर २ ते २४ तासांत अँजिओ.


पक्का_पुरावा
मंगळवार, सकाळी ९.०२

९६% चा मुद्दा मान्य. तो माझ्या नजरेतून सुटला होता. तरी सोलापूर शहरातल्या माणसाला सुई देऊ नये, एवढं तरी मान्य करा.


सात_रस्ता
मंगळवार, सकाळी ९.०६

शहरात कॅथलॅब जागी असेल तर अर्थात थेट प्लास्टी. शहरातल्या होटगी रोडवरून कुणी सुई मागत नाही.


जुळे_सोलापूर
मंगळवार, दुपारी १२.३०

थोडा वेगळा प्रश्न. झटका नाही, चालताना छाती भरून येते, अँजिओत एका वाहिनीत ७०% ब्लॉक. "उद्याच स्टेंट घाला, नाहीतर कधीही काहीही होईल" असं सांगतात. हे खरं मानायचं?


मालदांडी
मंगळवार, दुपारी २.१०

झटका आलेला आणि स्थिर अंजायना (श्रम केले की छाती भरून येणं), ही दोन वेगळी दुखणी आहेत. वरची सगळी घाई पहिल्यासाठी.

स्थिर दुखण्यात २००७ च्या करेज अभ्यासात २,२८७ रुग्ण आणि २०२० च्या इस्केमिया अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. नीट औषधं चालू असताना वर स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू आणि झटके ठळकपणे कमी झाले नाहीत. ज्यांना खूप अंजायना होता त्यांचं दुखणं मात्र कमी झालं. २०१७ च्या ऑर्बिटामध्ये तर २०० रुग्णांपैकी निम्म्यांना खोटी प्लास्टी केली, म्हणजे सगळा सोपस्कार पण स्टेंट नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोघांत फारसा फरक निघाला नाही. २०२३ च्या ऑर्बिटा-२ मध्ये अंजायनाची औषधं बंद ठेवून बघितलं, तेव्हा स्टेंटनं दुखणं कमी झालं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही, पण स्थिर दुखण्यात तो लक्षणांवरचा उपाय आहे.

अपवाद महत्त्वाचे : डाव्या मुख्य वाहिनीतला ब्लॉक, हृदयाचं पंपिंग ३५% च्या खाली, विश्रांतीत किंवा रोज वाढत जाणारं दुखणं. हे लोक इस्केमियात घेतलेच नव्हते, त्यांना तो निकाल लावू नका.

डोळ्यानं ठरवलेला ७०% खरोखर रक्त अडवतो का, हे दाबाच्या तारेनं मोजता येतं, तो आकडा (एफएफआर) ०.८० किंवा कमी आला तर अडवतो. शिवाय झटका नेहमी मोठ्या ब्लॉकलाच येतो असं नाही. ४०% च्या, पण ६५ मायक्रॉनहून पातळ आवरणाच्या थरालाही तो येतो. त्यामुळेच ट्रेडमिल टेस्ट पास झालेल्याला पुढे झटका आला तर टेस्ट खोटी ठरत नाही. ती अरुंद जागा शोधते, फाटू शकणारं आवरण नाही.

तुम्ही विचारायचे प्रश्न : वाहिनी कोणती? पंपिंग किती? किती औषधं, कोणत्या डोसला देऊन बघितली?

पैशाची बाजू : फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, तेव्हा औषधी स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६० रुपये, कर वेगळा. नंतर आकडे वेळोवेळी बदलले. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच वेगळी लिहून मागा, पिशवीवरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. महात्मा फुले योजनेत प्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, आधी त्याला गाठा.


नव्व्याण्णवावा
मंगळवार, संध्याकाळी ६.२५

औषधांचा विषय निघालाय तर लिपिडबद्दल (रक्तातली चरबी) दोन ओळी. बहुतेक रिपोर्टवरचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजलेला नसतो, वजाबाकीचा असतो : एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून एलडीएल खोटा कमी दाखवतं. आपल्याकडे पोट सुटलेला, साखरवाला, ट्रायग्लिसराइड ३०० असा रुग्ण पैशाला पासरी. त्याचा "एलडीएल ७८, छान" हा भ्रम. एकूण वजा एचडीएल करा, तो आकडा बघा. त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्याहून ३० नं जास्त असतं. झटका येऊन गेलेल्यासाठी एलडीएल ५५ च्या खाली, म्हणून हा ८५ च्या खाली.

लिपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासा. ते अनुवंशानं ठरतं, भाकरी-चपातीनं नाही. ५० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर घरातल्या इतरांचंही बघा.


हातमाग
मंगळवार, संध्याकाळी ७.००

आणि "स्टॅटिननं पाय दुखतात" म्हणून गोळी बंद करणाऱ्यांसाठी : २०२० च्या सॅमसन अभ्यासात गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९०% त्रास खोट्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, गोळीचा नव्हता. खरा स्नायूदाह क्वचित होतो. लघवी काळसर झाली तर मात्र गोळी थांबवून सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्तचाचणी) करा.


गुलमोहर४३
मंगळवार, रात्री ८.४०

तालुक्याहून सोलापूरला पाठवताना सोबतच्या कागदावर नेमकं काय असावं?


लाल_पिवळा_हिरवा_काळा
मंगळवार, रात्री ९.१५

पट्ट्यांपासून सांगतो. सगळ्या द्या, "नॉर्मल" आलेलीही. प्रत्येकीवर पेननं नाव, तारीख, वेळ, आणि त्या क्षणी दुखत होतं की नव्हतं. मशीनचं घड्याळ चुकलेलं असतं, त्यावर विसंबू नका. थर्मल कागद उन्हात डॅशबोर्डवर ठेवला की काळा पडतो आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरात काही महिन्यांत पुसट होतो. झेरॉक्स काढून तीही जोडा. फोटो पाठवायचा तर पट्टी सपाट ठेवून, सरळ वरून, सावली न पडू देता, १० मिमीची खूण दिसेल असा. स्कॅनिंग अ‍ॅपचा काळा-पांढरा मोड वापरू नका, त्यात मागचे चौकोन उडतात आणि मिलिमीटर मोजायला काही उरत नाही.


सात_रस्ता
मंगळवार, रात्री ९.३२

त्यात भर : त्रास सुरू झाल्याची वेळ, पहिल्या पट्टीची वेळ, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किती मिग्रॅ, कोणती सुई, किती डोस, कोणत्या वजनावर धरला, दोन्ही हातांचं बीपी, आधी कधी स्ट्रेप्टो घेतलंय का, आणि कमरेत काही टोचलंय का. सुईची वेळ "सकाळी" अशी लिहून येते. ६.१० की ११.४०, ते लिहा. ९० मिनिटं तिथून मोजायची असतात.